गुलाबी बोंडअळी औषधाला दाद का देत नाही, आणि डिसेंबरपासून आपण काय काय करायचं

ऑक्टोबर उजाडला की कृषी केंद्रासमोर दरवर्षी एकच बोलणं कानावर येतं, "मागच्या फवाऱ्याचा काहीच रिझल्ट नाही भाऊ, जरा जहाल काहीतरी द्या." मग दुकानदार दोन डबे आणि वरून एक टॉनिक काढून देतो, आपण ते सगळं एकाच पंपात ओततो, आणि पंधरा दिवसांनी परत तिथंच उभे असतो. मीही उभा राहिलोय. २०१७ साली आमच्या वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेच्या वर गेलेली, बोंडं अशी टपोरी की बाबा रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून दाखवायचे, आणि वेचणीला बाया उतरल्या तेव्हा बोंड फुटेचना, अर्धवट उघडलेल्या पाकळ्या, आत पिवळट चिकटलेला किडका कापूस, म्हणजे कवडी. बाहेरून एक ओरखडा नव्हता. त्या वर्षी विदर्भ, मराठवाडा, खान्देश सगळीकडे हेच झालं, आणि यवतमाळ जिल्ह्यात तर फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या वर माणसं गेली. म्हणून हा विषय माझ्यासाठी फक्त उताऱ्याचा नाही. नीट समजून घेऊ, मग एकेक पायरी बघू.

आधी हे समजून घ्या की अळीला औषधाची सवय लागत नाही. आपण म्हणतो तसं, "सवय झाली तिला", पण एकच अळी दोनदा फवारा खाऊन पैलवान होत नाही. समजा वावरात लाख अळ्या आहेत आणि त्यातल्या दोन-चार जन्मतःच अशा आहेत की ते विष त्यांच्या अंगात लागूच पडत नाही. आपण फवारलं, बाकीच्या मेल्या, ह्या उरल्या, त्यांचेच पतंग झाले, त्यांनीच अंडी घातली. महिनाभरात पुढची पिढी. परत तेच औषध मारलं की परत तीच निवड. म्हणजे चाळणी आपणच लावतो आणि मरणाऱ्या अळ्या आपणच वेगळ्या काढून टाकतो. हे काही नवीन नाही, १९१४ सालीच अमेरिकेत मेलँडर नावाच्या शास्त्रज्ञानं फळझाडांवरची खवले कीड चुना-गंधकाला दाद देत नाही म्हणून लिहून ठेवलंय.

आणि जैविक म्हटलं की असं होत नाही हाही गैरसमज आहे. कोबीवरचा चौकोनी ठिपक्याचा पतंग घ्या, हवाईत बीटी नावाच्या, अळीला मारणाऱ्या जिवाणूची पावडर सारखी फवारून फवारून त्याच्या अळ्या बीटीला दाद देईनाशा झाल्या, हे १९९० च्या सुमारास समोर आलं. जर्मनीत सफरचंदातल्या कॉडलिंग मॉथच्या अळीवर एक विषाणू फवारतात, सेंद्रिय बागांत तर त्याचाच भरवसा, तर २००५ साली तिथल्या काही बागांत तो विषाणूही चालेना. सरसकट एकच उपाय वर्षानुवर्षं केला की तो रासायनिक आहे का जैविक, किड्याला फरक पडत नाही.

आपल्या बीटी कपाशीत त्याच जिवाणूचा विष बनवणारा जीन झाडातच घातलेला असतो, म्हणजे तर झाडानंच बारा महिने चोवीस तास केलेली फवारणी. भारतात २००२ साली एक जीनवाली बीटी आली, २००६ ला दोन जीनवाली बीजी-२ आली. २०१० मध्ये गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट भागात गुलाबी बोंडअळी पहिल्या जीनला दाद देत नाही असं जाहीर झालं, मग चार-पाच वर्षांत गुजरातेतच दुसऱ्यालाही, आणि २०१७ ला आपल्या दारात.

इतक्या लवकर का झालं याचं एक कारण बोंडाच्या आत आहे आणि ते फार कमी जण सांगतात. आपण हायब्रीड लावतो. हायब्रीडच्या झाडात बीटी असतं, पण त्या झाडाच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी असते, आणि तिथं जीन वाटले जातात. दोन जीनवाल्या हायब्रीडच्या १६ सरक्या धरल्या तर साधारण ९ मध्ये दोन्ही जीन, ६ मध्ये दोनपैकी एकच, आणि एकीत काहीच नाही. गुलाबी अळी नेमकी सरकीच खाते, ह्या सरकीतून त्या सरकीत जाते. म्हणजे एकाच बोंडात तिला पूर्ण विष, अर्धं विष आणि बिनविषाचं जेवण असं सगळं मिळतं. यापेक्षा चांगली शाळा तिला कुठली मिळणार! त्यात आपले वाण १८०-२०० दिवसांचे, वर फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही पाणी देऊन तेच पीक पुढं ओढणं, आणि ही अळी जवळपास कपाशीवरच जगणारी.

तर आता काय करायचं. मी मुद्दाम जूनपासून सुरू करत नाही, डिसेंबरपासून करतोय, कारण खरी लढाई तिथं जिंकता येते.

पायरी १: डिसेंबरअखेर पीक उभं ठेवायचं नाही

मला कळतं हे किती जड जातं. झाडावर थोडी हिरवी बोंडं दिसत असतात, ओलिताची सोय असते, भाव चांगला असतो, "एक पाणी देऊ, चार-पाच क्विंटल निघेल". पण ह्या शेवटच्या बोंडांतल्या अळ्या वेगळ्या असतात. थंडी पडली की अळी कोषात न जाता झोपी जाते, दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या मधल्या पोकळीत, महिनोन्महिने. कवडी कापूस हातात घेऊन अशी जोड-सरकी नखानं फोडून बघा एकदा, आत गुलाबी अळी वेटोळं करून पडलेली सापडेल. वर्षभराचे फवारे, बीटी, सगळं पचवून उरलेली ही अळी. म्हणजे फरदड घेऊन आपण सगळ्यात चिवट अळीला बियाण्यासारखं जपून ठेवतो.

म्हणून शेवटची वेचणी झाली की आधी शेळ्या-मेंढ्या वावरात सोडा, त्या हिरवी बोंडं, पाती सगळं साफ करतात, आणि मेंढपाळाला चाराही मिळतो. मग पऱ्हाट्या उपटा. श्रेडर भाड्यानं मिळत असेल तर जागेवर चुरा करून मातीत मिसळा नाहीतर कंपोस्टच्या खड्ड्यात घाला. धुऱ्यावर किंवा गोठ्याच्या मागे सरपणासाठी गंजी लावायची नाही, आमच्या घरी वर्षानुवर्षं लावायचे आणि त्याच गंजीतून जूनमध्ये पतंग निघून शेजारच्याच वावरात जायचे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. जळणाला लागतातच तर बोंडं-नखं पूर्ण झोडून काढा, ती वेगळी जाळा, आणि पावसाळ्याच्या आत सरपण संपवा. एप्रिल-मे मध्ये खोल नांगरट, म्हणजे मातीतले कोष उन्हात येतात, पक्षी टिपतात.

जमलं तर त्या वावरात पुढच्या वर्षी कपाशीऐवजी सोयाबीन, तूर, ज्वारी काहीही घ्या. भेंडी आणि अंबाडी मात्र नको, ती कपाशीच्याच कुळातली.

पायरी २: बियाणं आणि पेरणीची वेळ

वाण १५० दिवसांच्या आतबाहेर संपणारा घ्या. मे महिन्यात ओलितावर लागवड किंवा धूळपेरणी करू नका. सुप्तावस्थेतून निघालेल्या पतंगाला अंडी घालायला पाती-फुलं लागतात, ती मिळाली नाहीत तर तो वांझोटाच मरतो. मेमध्ये लावलेल्या कपाशीला नेमकी त्याच वेळी पाती लागतात, म्हणजे आपण त्याच्यासाठी पाळणा तयार ठेवल्यासारखं होतं. पुरेसा पाऊस झाल्यावर जूनमध्येच लावा, आणि शक्यतो गावात सगळ्यांनी आठ-दहा दिवसांच्या अंतरात.

आता नॉन-बीटीचं. पूर्वी बीटीच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं वेगळं पाकीट यायचं, कडेनं पाच ओळी लावायला. किती जणांनी लावलं? आम्ही नाही लावलं, धुऱ्यावर फेकलं. वाटायचं मुद्दाम किडीला कशाला जेवण घालायचं. पण त्या ओळींत साध्या अळ्या वाढतात, त्यांचे पतंग बीटीतून वाचलेल्या पतंगांशी जुळतात, आणि पिल्लं पुन्हा बीटीला मरणारी निघतात. तेवढ्यासाठी त्या ओळी होत्या. आता बहुतेक पाकिटांत ते बी मिसळूनच येतं, तेव्हा झाडं वेगळी दिसली म्हणून उपटू नका. तुरीची कड घाटेअळीसाठी चांगली, पण गुलाबी अळी तूर खात नाही, तिच्यासाठी ती कड उपयोगाची नाही.

अमेरिकेनं हे काटेकोर केलं. नॉन-बीटीचा नियम पाळला, वेळेत पीक काढून टाकलं, विमानानं वांझ केलेले पतंग सोडले, आणि २०१८ साली तिथल्या कपाशीतून गुलाबी बोंडअळी संपली म्हणून जाहीर केलं. तेच बीटी, तीच अळी.

पायरी ३: पहिले ६० दिवस हात आवरा

इथं मोठी चूक होते. हायब्रीडच्या बियाण्याला बहुतेक वेळा आधीच इमिडाक्लोप्रिड लावलेलं असतं. ते उतरलं की तुडतुडे दिसतात आणि आपण अ‍ॅसिटामिप्रिड मारतो, मग थायोमेथोक्झाम. नावं तीन, डबे तीन, कंपन्या तीन, पण गट, म्हणजे औषध किडीच्या अंगात कुठं काम करतं त्यावरून दिलेला नंबर, एकच, ४ नंबरचा. म्हणजे तुडतुड्याला आपण तीनदा एकच औषध दिलं. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क वापरा, पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवायच्या, सकाळी गाळून त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून एकूण १०० लिटर करायचं, त्याच दिवशी फवारून संपवायचं. फारच वाढले तर दुसऱ्या गटातलं, जसं फ्लोनिकामिड. आणि ह्या काळात जहाल फवारे टाळले तर ढालकिडा, क्रायसोपा, कोळी हे आपले मित्र जिवंत राहतात, जे पुढं बोंडअळीची अंडी खातात.

पायरी ४: मोजायला शिका

४५ दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे सापळे, झाडाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच, झाड वाढेल तसे वर सरकवत जायचे. ल्युर, म्हणजे तो वास लावलेली गोळी, लावायच्या आधी हात धुवा, तंबाखूचा हात लावू नका. ल्युर पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत बदला, नुसती पिशवी लटकत राहिली तर काय उपयोग. रोज सकाळी पिशवीची गाठ सोडून पतंग मोजायचे आणि काढून टाकायचे. एका सापळ्यात आठ पतंग, असं सलग तीन दिवस आलं की समजायचं धोक्याची पातळी गाठली.

दुसरं, फुलं. सकाळी वावरातून तिरपं चालत जा आणि डोमकळ्या बघा, म्हणजे न उमललेलं, पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारखं झालेलं फूल. ते तोडून उघडा, आत अळी असते. आम्ही घरच्या पोरांना कामाला लावलं होतं, डोमकळी दिसली की तोडून पिशवीत, संध्याकाळी जाळायच्या. सुरुवातीच्या पंधरा दिवसांत हे मनापासून केलं तर पहिली पिढी बरीच खाली येते आणि खर्च शून्य.

तिसरं आणि सगळ्यात खरं, बोंडं. एकरात २० वेगवेगळ्या झाडांवरची अर्धी वाढलेली २० हिरवी बोंडं तोडा, पक्व दगडासारखी नकोत, दाबल्यावर जरा मऊ लागतील अशी. अंगठ्यानं पाकळीच्या रेषेवर दाबून फोडा. आतल्या हिरव्या सालीवर फोडासारखा छोटा उंचवटा दिसेल, तो अळी आत शिरल्याची खूण. अळी लहान असताना पांढरी असते, डोकं तेवढं काळं-तपकिरी, गुलाबी ती नंतर होते, म्हणून गुलाबी शोधत बसाल तर लहान अळी निसटेल. २० मध्ये २ किडकी निघाली की १० टक्के, आता फवारायचं. त्याच्या आत असेल तर पंप भरू नका. दर आठवड्याला हे करा, वीस मिनिटं लागतात.

पायरी ५: अंड्यावरच घाला

अळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात बोंडात घुसते आणि वाढत्या बोंडाबरोबर ते भोक बुजूनही जातं. त्यानंतर कितीही भारी औषध मारा, ते तिच्यापर्यंत पोचतच नाही. "औषध चाललं नाही" अशा कितीतरी तक्रारी खरं तर ह्याच असतात. म्हणून अंडं असतानाच गाठायचं. त्यासाठी ट्रायकोकार्ड, म्हणजे दुसऱ्या एका पतंगाची अंडी चिकटवलेली पट्टी, त्या अंड्यांच्या आत परोपजीवी गांधीलमाशी वाढत असते आणि बाहेर पडून बोंडअळीच्या अंड्यांत आपली अंडी घालते. गुलाबी अळीसाठी ट्रायकोग्रामाटॉयडीया बॅक्ट्री ही जात चांगली, हेक्टरी दीड लाख, म्हणजे एकरी ६० हजार. सापळ्यात पतंग यायला लागले की संध्याकाळच्या वेळी, पानाच्या खालच्या बाजूला टाचायचं, आठ-दहा दिवसांनी परत. कार्ड लावायच्या आधी आणि नंतर आठवडाभर तरी रासायनिक फवारा नको, नाहीतर त्या माश्याच मरतात. कार्ड उन्हात गाडीच्या डिकीत ठेवून आणू नका, मेलेलं कार्ड लावून काय होणार.

एक विनंती, बीटी कपाशीवर वरून बीटीची पावडर फवारू नका. जे विष झाडातच आहे त्याला अळी दाद देईना म्हणूनच तर आपण फवारतोय. निंबोळी अर्क चालतो, बिव्हेरिया, म्हणजे किडीला मारणारी बुरशी, दमट हवेत चालते.

पायरी ६: औषध नावानं नाही, गटानं बदला

डब्यावर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं ते सोडा, खाली बारीक अक्षरात टेक्निकल नाव असतं ते वाचा, मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचा. बोंडअळीसाठी आपल्याकडं जे मिळतं त्यातलं थायोडीकार्ब, प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस, क्लोरपायरीफॉस हे सगळे १ नंबरचे, मज्जासंस्थेत एकाच जागी काम करणारे. सायपरमेथ्रीन, फेनव्हलरेट, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन हे ३ नंबरचे. स्पिनोसॅड, स्पिनेटोरम ५. इमामेक्टीन ६. इंडोक्साकार्ब २२. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल २८. वहीत हे लिहून ठेवा, दुकानात जाताना वही सोबत.

नियम सोपा आहे. अळीची एक पिढी साधारण महिन्याची. एका महिन्यात जो गट वापरला तो पुढच्या महिन्यात वापरायचा नाही. सप्टेंबरात १ नंबर वापरला तर ऑक्टोबरात ६ किंवा २२, आणि ३ नंबरचे पायरेथ्रॉईड नोव्हेंबरच्या आधी हातातच घ्यायचे नाहीत, कारण त्यांनी मित्रकिडे मरतात आणि पांढरी माशी उसळते. तयार मिश्रण, म्हणजे प्रोफेनोफॉस अधिक सायपरमेथ्रीनसारखं घेतलं तर तुमचे १ आणि ३ दोन्ही खर्ची पडले असं वहीत मांडा. आणि लेबलवर कापूस आणि बोंडअळी लिहिलंय का, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

घरचं कॉकटेल बंद. दोन कीटकनाशकं, एक बुरशीनाशक, एक टॉनिक, वरून विद्राव्य खत, हे एका पंपात गेलं की कशानं काय झालं काहीच कळत नाही, आणि २०१७ ला माणसं गेली त्यात असल्या मिश्रणांचाही हात होता. डोस अर्धा करू नका, दीडपटही नको. तोंडाला फडका बांधणं म्हणजे सुरक्षा नाही, मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, फवारा अंगावर येणार नाही असं वाऱ्याच्या दिशेनं फवारा, कमरेच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत दुपारच्या उन्हात अजिबात नाही. मजूर लावला असेल तर त्याचा मास्क आणण्याची जबाबदारी आपली, त्याची नाही.

पायरी ७: नाही चाललं तर आधी तपासा

फवारायच्या आधी पाच-दहा झाडांना सुतळी बांधून ठेवा आणि त्यांच्यावरच्या डोमकळ्या मोजा. तीन दिवसांनी परत तीच झाडं. नव्या डोमकळ्यांत जिवंत लहान अळ्या तितक्याच असतील तर स्वतःला विचारा, फवारल्यावर चार-सहा तासांत पाऊस आला होता का, पाणी एकरी पुरेसं होतं का, नोझल झिजलेलं होतं का, पंप बदलला आणि प्रमाण जुनंच ठेवलं का, बिल पक्कं आहे का. हे सगळं बरोबर असूनही अळ्या जिवंत असतील तर त्या गटाला ह्या हंगामात रामराम करा, डोस वाढवून तेच परत मारू नका, त्यानं उरलेल्या चिवट अळ्या तेवढ्या निवडल्या जातात. जिवंत अळ्या असलेली बोंडं पिशवीत घेऊन कृषी सहायकाला किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा, रिकामा डबा, बॅच नंबर आणि बिल सोबत.

पायरी ८: वेचणी आणि घरातला कापूस

चांगला कापूस आणि कवडी वेगळ्या पोत्यांत वेचा. भाव तर मिळतोच, पण कवडीच्या पोत्यात झोपलेल्या अळ्या असतात. ते पोतं भाव वाढायची वाट बघत घराच्या कोपऱ्यात उन्हाळाभर पडून राहिलं तर भिंतीवरून, आढ्याला अळ्या चढताना तुम्ही पाहिल्या असतीलच. ते आधी विकून टाका. कापूस ठेवलेल्या खोलीत आणि गावात जिनिंग असेल तर तिथल्या आवारात एक-दोन कामगंध सापळे मार्चपासून टांगा, जिनिंगवाल्याशी बोलून घ्या, त्यातली सरकीची धूळ आणि किडकी सरकी पावसाच्या आत जाळायला सांगा. आमच्या घरी खोलीत टांगलेल्या सापळ्यात मे महिन्यात, वावरात कपाशीचं एक पानही नसताना, सकाळी पिशवीच्या तळाशी पतंग पडलेले असायचे.